चार बोटांची जागा

या की पावणं, बसा त्या कट्ट्यावर. म्हशीच्या मागं नगा बसू, शेपटी लागंल तोंडाला. त्या थ्रीडी पिक्चरचं इचारायला आलाय न्हवं? वाटलंच मला. खांद्याला झोळी, खिशाला पेन, आणि तोंडावर अशी कळा, जणू घरातलं कुणीतरी गेलंय. गेलंच की ते पिक्चर. बरं झालं गेलं.

इचारा, सांगतो. मला काय कुणाची चोरी हाय व्हय? मी धोंडुबाई. ह्या कट्ट्यावर म्हस पिळून गिऱ्हाइकाच्या हातात दुधाचा गिलास देतो, फेस मोडायच्या आत. माझा नवरा हंबीरराव पैलवान. त्या पिक्चरात सुरवातीलाच ज्येचा खून हुतो, त्यो. तुम्ही आता हसलासा तसाच त्यो मुंबईचा डायरेक्टर मला हसलता. म्हणाला, "बाईमाणूस असून सांगतो, देतो असं काय बोलता?" मी म्हणलो, "बाबा, तू म्हशीखाली बसून दाखीव, मग मी कसं बोलायचं ते आपण दोघं ठरवू." तवापासनं मला वैनी म्हणायला लागला.

तर ह्या समद्या खुळाचं मूळ म्हंजे गणपतराव. शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी. माणूस वाईट न्हाय, पण अक्कल गुळाची, जरा ऊन लागलं की पाघळती. त्यो मुंबईला गेलता आणि तितं कुठलंतरी थ्रीडी पिक्चर बघून आला. पडद्यातनं भाला भाईर आला म्हणं, आणि ह्यो बहाद्दर खुर्चीखाली शिरला. टोपी तितंच ऱ्हायली. आल्यावर आख्ख्या पेठंला सांगत सुटला, भाला पार माझ्या नाकापतूर आलता. लोकांनी इचारलं, "मग लागला का?" न्हाय लागला. "मग आणि काय उपेग?" पण डोक्यात किडा शिरला त्यो शिरलाच. आपुन बी काढायचं. मराठीत काढायचं, कोल्हापुरात काढायचं, आणि आपल्याच गोदामात काढायचं.

मग त्येनं त्यो डायरेक्टर आणला. त्येनं म्हणं परदेशातली खुनाची पिक्चरं बघून बघून डोळं घालीवलतं. त्येचं म्हणणं, खुनाचं पिक्चर काळं-पांढरंच पायजे, रंग आला की खून मरतो. पंच्याऐंशी साल! गल्लीतली पोरंटोरं रंगीत टीव्हीफुडं बसल्यात आणि ह्यो शाना काळं-पांढरं काढाय बसला. गणपतराव खुश, काळा-पांढरा रोल सवंग पडतो म्हणून. दोन खुळी एकत्र आली आणि पिक्चरचं नाव ठरलं, 'गोदाम नंबर तेरा'.

काय काय पायजे हुतं म्हणता त्या डायरेक्टरला! सावली पायजे, धूर पायजे, पाऊस पायजे. इनिसपेक्टरला ढोपराखाली येणारा कोट आणि साहेबाची टोपी पायजे. कोल्हापुरात, मे महिन्यात! आवो, असल्या उन्हात असला कोट घालून कोण फिरत असंल, तर खून झाल्यावर पोलीस पैल्यांदा त्येलाच धरतील. आणिक एक बाई पायजे, शिगरेट वडणारी. ती म्हणं समद्यास्नी फशिवती. मी म्हणलो, "आमच्याकडं फशिवणारी बाई अशी धूर सोडत बसत न्हाय. ती चा करून देती, पोरं बरी हायती का म्हणून इचारती." त्येनं ऐकलं न्हाय. शिकल्याली माणसं ऐकत न्हाईत.

आमच्या मालकांचं, म्हंजे हंबीररावांचं, काम गोदामाच्या राखणदाराचं. राखणदाराला समदं गुपित ठावं असतंय, म्हणून त्येच्या छातीत सुरी खुपसत्यात. आणि त्या सुरीची मूठ पडद्यातनं भाईर, पार लोकांच्या तोंडापतूर आली पायजे. त्येच्यासाठीच तर एवढा खटाटोप. आता मूठ अशी वर यायची म्हंजे मेल्याला माणूस उताणा पायजे. हितं सगळं अडलं बगा.

तुम्ही भाईरगावचं, म्हणून सांगतो. कुस्तीत दोन्ही खांदं मातीला लागलं की माणूस चीत. संपली कुस्ती. आमच्या मालकांची पाठ उभ्या जल्मात मातीनं बघितल्याली न्हाय. डाव उलटलं, कुस्त्या बरूबरीत सुटल्या, कान मोडलं, गुडघा गेला, पण पाठ न्हाय. घर सासऱ्याचं, म्हशी माझ्या. त्या माणसाचं सवताचं म्हणावं असं तेवढंच.

म्हणून काम घ्यायच्या आदी मालक मीरासाब वस्तादांकडं गेलं. वस्ताद म्हंजे आमच्या तालमीचं सगळं काही. मालकास्नी लंगोट नीट बांधता येत न्हवता तवा ह्येंनीच हाताला धरून कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरीवलं. वस्तादांचा एक डोळा तरणेपणीच गेलता, कुस्तीत कुणाचंतरी बोट लागून. एका डोळ्याचा भरवसा न्हाय, म्हणून पंच असलं की वस्ताद वाकून बघत बसायचं न्हाईत. खाली पडल्याल्या गड्याच्या खांद्याखाली तळहात सारायचं. हात गेला तर कुस्ती चालू, हात अडला तर चीत. हातकणंगल्याचं मैदान असू दे न्हायतर गारगोटीचं, त्या हाताच्या निकालावर कुणी चकार शबूद काढल्याला मी ऐकला न्हाय.

वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "हंबीर, पिक्चरात मर. खुशाल मर. पर पाठ लावायची न्हाय."

"न्हाय लावत, वस्ताद."

झालं. शब्द दिला. वस्ताद थकलं हुतं, आपल्या मागं तालीम हंबीरच्या हवाली करायची असं त्येंनी चार माणसांत बोलून दाखीवलंतं. तर त्या शब्दाला काय टांगलंतं, ते आता ध्यानात घ्या.

खुनाचा सीन घेतला त्या दिवशी मी भाकरी घेऊन गोदामात गेलतो. समदीकडं अंधार, मधीच एक दिवा, आणि गुळाचा वास. कॅमेरा खाली भुईला लावल्याला. मालक पडलं. डायरेक्टर म्हणाला, "पैलवान, पूर्ण झोपा."

"झोपलोय की."

"डावा खांदा वर आहे तुमचा."

"असणारच."

"अहो, मेलेला माणूस खांदा वर धरत नाही!"

"मी मेलोय," मालक म्हणालं. "पडलो न्हाय."

डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. गणपतराव मधी पडला, हातापाया पडला, काय उपेग न्हाय. शेवटाला डायरेक्टर वैतागून म्हणाला, "जाऊ दे, अंधारच आहे. कुणाला दिसतंय?" आता बोला! आरं शान्या, फुडचं फुडं आणि मागचं मागं दिसावं म्हणून तर तू ह्यो तमाशा मांडलायस, आणि तूच इचारतोस कुणाला दिसतंय! अक्कल मुंबईलाच ठेवून आलता त्यो.

बरं, सीन तरी आटोपता घ्यावा. न्हाय. इनिसपेक्टर येतो, मढ्याच्या उशाला उभा ऱ्हातो, टोपी काढतो आणि भाषण ठोकतो. माणूस म्हंजे काय, अंधार म्हंजे काय, शहर म्हंजे काय. तेवढा येळ मालकांचा खांदा तसाच वर. गुळाच्या गोदामात मुंगळं किती असत्यात म्हणता! एक तर कानात शिरला. डोळं मिटल्यालं, तोंड मेल्यागत, पण खांदा काय हालला न्हाय. मधी दिवं बदलाय थांबली तवा मी जाऊन माझी बोटं खाली घालून बघितली. चार बोटं आडवी गेली. मी म्हणलो, "मालक, जरा टेकवा आता, कोण बघत न्हाय." तर मेल्याला माणूस मला म्हणतो, "गप बस, धोंडे."

पिक्चर भाईर पडायला फुडल्या वर्साचा आषाढ उजाडला. थेटरच्या पडद्याला चांदीगत रंग दिला, त्येच्याबिगार थ्रीडी दिसत न्हाय म्हणं. दारात पुठ्ठ्याचं चष्मं द्यायचं आणि सुटल्यावर परत घ्यायचं. मागल्या खेळाच्या माणसाच्या नाकाचा घाम आजून वला, त्योच चष्मा तुमच्या नाकावर. आणि आमची लोकं तरी काय! पडद्यावर पाऊस लागला तर मलकापूरकडची एक म्हातारी डोईवर पदर घेऊन बसली. शिगरेटवालीनं धूर सोडला तर फुडल्या रांगंतली चांगली तरणी माणसं खोकाय लागली. मला हसावं का रडावं कळंना.

मग खून झाला. सुरीची मूठ भाईर आली, पार नाकाम्होरं. पोरी किंचाळल्या. गणपतरावानं मागं वळून बघितलं, कोण खुर्चीखाली शिरलं का म्हणून. आणि तेवढ्यात फुडल्या सवंग खुर्च्यांच्या पिटातनं एकजण बोंबलला, "आरं मूठ ऱ्हाऊ दे! खांदा बगा! खांदा वर हाय!"

काय सांगू पावणं! दिसत हुता की. अंधारात भुई मागं आणि खांदा फुडं, मधी चार बोटांची काळी जागा, अगदी हात घालावा अशी. आख्खं थेटर उठलं. टोप्या उडाल्या, शिट्ट्या पडल्या. "पाठ लागली न्हाय! कुस्ती चालू!" इनिसपेक्टर आला आणि म्हणाला, "हा खून आहे." पिटातनं उत्तर आलं, "कुठला खून? आदी चीत कर, मग बोल!" त्येच्या फुडं पिक्चरला काय अर्थच ऱ्हायला न्हाय. त्यो जिथं जिथं जाऊन इचारायचा, खून कुणी केला, तिथं तिथं पब्लिक वरडायचं, "न्हाय झाला!" शेवटाला खुनी रडत रडत गुन्हा कबूल करतो, तर लोकं म्हणाली, खोटं बोलतंय बेनं.

डायरेक्टर थेटरच्या पायरीवर डोकं धरून बसला, आणि सांच्याच्या गाडीनं मुंबईला पळाला. पुण्याच्या एका पेपरात कुणीतरी लिवलं, सावल्यांची भाषा कोल्हापूरच्या प्रेक्षकांना कळली नाही. आम्हास्नी कळली न्हाय व्हय! आख्ख्या गावानं सावलीतनं चार बोटं जागा हुडकून काढली, आणखी काय कळायचं ऱ्हायलं? लिवणाऱ्यानं सवता चष्मा घातलता का न्हाय, देव जाणं. तुम्ही तसलं काय लिवणार असला तर दूध पिऊन गप वाटंला लागा.

लोकं येत हुती खरं. खुनापतूर बसायची, खांदा बघायची, आणि उठून जायची. मालकांचं पाय भुईला लागत न्हवतं. मिशीला तूप, डोईला फेटा, रोज कुणाच्या तरी सायकलीवर बसून थेटरच्या दारात. मी म्हणलो, "आवो, उभं आयुष्य कुस्त्या मारल्या तवा एवढं मिरवलं न्हाय, आणि मढं हून पडलाय त्येचा एवढा तोरा?" पण ऐकतंय कोण. त्येंच्या डोळ्यांफुडं एकच. वस्तादास्नी दाखवायचं, शब्द कसा पाळला त्ये.

आणि त्यात बाळासोनं काडी घातली. बाळासो रिक्षावाला, पल्याडच्या तालमीचा. सगळ्या स्टॅण्डवर सांगत सुटला, "लागलीया. चष्म्याची करामत हाय सगळी. चष्मा काढून बगा!" आता चष्मा काढला की पडद्यावर एकाचं दोन हंबीरराव दिसायचं, जरा सरकल्यालं. त्यातल्या एकाची पाठ लागलीया म्हणं! "मग दुसऱ्याचं काय?" आमच्या तालमीची पोरं इचारायची. झालं, चाच्या टपरीवर गचांड्या धरल्या. दोन्ही तालमींची डोकी तापली आणि शेवटाला ठरलं, मीरासाब वस्ताद पिक्चर बघतील. ते सांगतील ते खरं. बाळासोनं बी मान डोलावली.

एका डोळ्याच्या माणसाला थ्रीडी दिसत न्हाय. समदं सपाट दिसतंय, भितीवरच्या कॅलेंडरागत. ही गोष्ट त्या डायरेक्टरला ठावं असणारच की. पण त्यो कवाच पळालता, आणि आम्ही अडाणी. आम्हास्नी कोण सांगणार?

शनिवारी दुपारच्या खेळाला वस्ताद आलं. धुवट धोतर, फेटा, कानात अत्तराचा फाया. गणपतरावानं हार घातला, त्येला वाटलं पिक्चरची जाहिरात हुईल. थेटर गच्च. मालक वस्तादांच्या पायाशी भुईवरच बसलं, वस्तादांच्या बरूबरीनं खुर्चीवर कसं बसायचं म्हणून. मी बायकांच्या बाजूला. कुणीतरी वस्तादांच्या नाकावर त्यो पुठ्ठा चढीवला. एका काचंमागं डोळा, दुसऱ्या काचंमागं नुसतं मिटल्यालं कातडं.

पाऊस लागला, धूर आला, वस्ताद हाललं न्हाईत. मग मूठ आली. आख्ख्या थेटरनं माना मागं घेतल्या, एकट्या वस्तादांची मान जिथल्या तितं. म्हणलं, आरं द्येवा, ह्येंच्याकडं मूठ आलीच न्हाय.

"वस्ताद, बगा! खांदा बगा!" लोकं वरडत हुती. वस्तादांनी लई येळ बघितलं. मग उठलं, काठी टेकीत मधल्या वाटंनं फुडं निघालं. पडद्यावर इनिसपेक्टरचं भाषण चाललंतं, माणूस म्हंजे काय आणि शहर म्हंजे काय. वस्ताद पायऱ्या चढून पार पडद्याला भिडलं. त्येंची सावली मालकांच्या अंगावर पडली. आणि ज्या हातानं त्येंनी जिल्ह्याच्या कुस्त्या सोडीवल्या, चीत का न्हाय ते ठरीवलं, त्यो हात त्येंनी मालकांच्या खांद्याखाली सारला. हात कापडावर आपटला. पडदा नुसता थरथरला. वस्तादांनी परत एकदा सारून बघितला. परत कापड.

वस्ताद वळलं.

"हात जात न्हाय," वस्ताद म्हणालं. "लागलीया."

खाली उतरलं. मालकांच्या जवळनं जाताना जरा थांबलं. "शब्द दिलतास, हंबीर," एवढंच म्हणालं आणि गेलं.

मालक घरला आलं आणि भितीकडं तोंड करून कुशीवर पडलं. जेवलं न्हाईत. तालमीत गेलं न्हाईत. रात गेली, आख्खा दिवस गेला, कूस बदलायची म्हणून उठून बसायचं आणि दुसऱ्या कुशीवर पडायचं, पण उताणं झालं न्हाईत. आणि मला असा राग आला म्हणता! कुणाकुणाचा म्हणून सांगू? त्या पाघळल्याल्या गणपतरावाचा आला, पळपुट्या डायरेक्टरचा आला, टोप्या उडीवणाऱ्या आणि मग माना खाली घालून सुटल्याल्या पब्लिकचा आला. आणि सगळ्यात जास्ती ह्या कुशीवरच्या पैलवानाचा आला.

मी म्हणलो, "मुंगळं कानात घेतलं पण खांदा टाकला न्हाईसा. आणि आता एका फडक्याच्या निकालावर मराय टेकलाय व्हय?"

"वस्तादांचा हात खोटं बोलत न्हाय, धोंडे."

"हात बोलत न्हाय! फडकं बोलतंय!"

त्येंनी डोक्यावर वाकाळ वडली. मग मात्र माझं डोकं फिरलं. सकाळच्या धारा काढल्या आणि तशीच शेणाच्या पायानं तालमीवर गेलो. तालमीत बाई पाऊल टाकत न्हाय, म्हणून उंबऱ्याच्या भाईर उभी ऱ्हायलो आणि हाळी दिली, "वस्ताद, भाईर या!" आतली पोरं जोर काढत हुती, ती तशीच हातावर थांबली.

वस्ताद काठी टेकीत आलं. "काय गं पोरी?"

"कापडाची कुस्ती तुम्ही कवापासनं सोडवाय लागला?"

"जे म्होरं आलं, त्येला हात लावला."

"हात लावला त्यो फडक्याला. माझ्या नवऱ्याच्या खांद्याला लावला व्हय? त्यो घरात हाय, कुशीवर पडलाय. परवापासनं अन्न न्हाय त्येच्या पोटात. मी हुतो गोदामात. माझी चार बोटं गेली खालनं."

"तुझी बोटं तालमीत चालत न्हाईत."

"मग तुमची घाला की! खऱ्या मातीत घाला! न्हाय गेली तर मीच त्येला सांगतो, लाग वाटंला म्हणून."

वस्तादांनी मागं वळून पोरांकडं बघितलं. मग जरा जवळ आलं आणि मला एकटीलाच ऐकू यील असं म्हणालं, "समदी म्हणत हुती, खांदा वर हाय, खांदा वर हाय. मी बघत हुतो, पोरी. मला काय बी दिसंना. मला वाटलं, माझा हात तरी हुडकंल." त्येंचा चांगला डोळा भरून आलता.

"बोलीव त्येला," वस्ताद म्हणालं. "आणि त्या बाळासोला बी बोलीव."

मालक आलं. लंगोट लावला. पोट सुटल्यालं, गुडघ्याला फडकं बांधल्यालं, डोळं आत गेल्यालं. हौदातली माती कपाळाला लावली आणि पडलं. पाय टाकलं तसंच, मान वळीवली तशीच, छातीवर मूठ घेतली, जणू सुरी हाय. डावा खांदा वर. चार बोटं.

पोरं हौदाच्या कडंनं उभी. बाळासो पल्याडच्या कडंला. मी उंबऱ्यावर, पदर तोंडाला लावून.

वस्तादास्नी हौदात उतरायला येळ लागला. काठी ठेवली, एक पाय टाकला, मग दुसरा. पोरं धराय गेली तर त्येंनी धरू दिलं न्हाय. गोदामात त्यो खांदा आख्ख्या भाषणाला टिकलता, पर तवा पोटात भाकरी हुती, आणि मधी एक वरीस गेलंतं. खांदा थरथराय लागला. मानेची शीर दोरीगत वर आली. चाराची तीन बोटं झाली. वस्ताद आजून गुडघ्यावर वाकत हुतं. तिनाची दोन झाली. म्हणलं, आवो म्हाताऱ्या, वाका की लवकर! तोंडानं न्हाय म्हणलो, मनात म्हणलो.

वस्तादांनी उजवा हात सारला. हात गेला. आणि तळहात पार खाली पोचला तवाच मालकांचा खांदा सुटला.

समदं वजन त्या हातावर आलं. माझ्या म्हशीच्या दुधावर पोसल्यालं अंग, आणि खाली म्हाताऱ्याची बोटं. वस्तादांनी हात काढला न्हाय. तोंडावरची सुरकुती हालली न्हाय. बाळासो मान लांब करून बघत हुता, पण त्येच्या बाजूनं वस्तादांची पाठ हुती. मालकांनी डोळं उघडलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि माझा नवरा लहान पोरागत रडाय लागला, आवाज न काढता.

"कुशीनं ऊठ," वस्ताद हळू म्हणालं.

मालक कुशीनं उठलं. मग वस्तादांनी त्यो हात वर केला आणि फिरवून समद्यास्नी दाखीवला. मागनं तांबडी माती. तळहात कोरा.

"न्हाय लागली," वस्ताद म्हणालं.

बाळासोनं टोपी काढली. "मान्य हाय," म्हणाला. पोरांनी आरडून तालीम डोक्यावर घेतली. मी आयुष्यभर ह्या तोंडानं गावाला पुरून उरलोय, पावणं, पण त्या दिवशी मी बोललो न्हाय. मालक भाईर आलं तवा त्येंचा डावा खांदा तेवढा नीट बघितला, चांगला दोन्ही डोळ्यांनी. मातीचा कण न्हवता.

पिक्चर त्याच आठवड्यात उतरलं. पडद्याचा चांदीचा रंग आता पोपडं धरून पडतोय, खरूज झाल्यागत.

नागपंचमीला वस्तादांनी तालमीची किल्ली समद्यांफुडं मालकांच्या हातात दिली. डाव्या हातानं दिली. असल्या कामाला डावा हात का, म्हणून कुणीतरी कुजबुजलं. मालकांनी काय इचारलं न्हाय, मी बी न्हाय. उजव्या हाताची बोटं तवर बी वळत न्हवती.